कड्याचं अंतर आणि एपीडीचा गेन: तीन महिन्यांच्या नोंदी

पोलादपूर तालुक्यात माझं माहेर. घराच्या गच्चीवरून समोर काळ्या दगडाचा उभा कडा दिसतो आणि त्याच्या वरच्या धारेला एक मोठी शिळा आहे, मागून भेगाळलेली. शेजारच्या महाड तालुक्यात तळियेची दरड २२ जुलै २०२१ ला कोसळली. तेव्हापासून पावसाळ्यात घरातलं कुणीही त्या शिळेकडे निर्धास्तपणे बघू शकलेलं नाही. एका बिंदूचं अंतर मोजून दरडीची पूर्वसूचना मिळत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी ती शिळा जागच्या जागी आहे की नाही, हे रोज आकड्यात कळावं म्हणून लेझरचं अंतरमापक बांधायला घेतलं: प्रकाशाचा पल्स जाऊन परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून ते अंतर काढतं. घरापासून शिळा ४२० मीटरवर आहे.

यातला सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो अॅव्हलांश फोटोडायोडने, म्हणजे एपीडीने (प्रकाशाचा करंट करून तो आतल्या आत अनेक पटींनी वाढवणारा डायोड), आणि त्यातही एका प्रश्नाने: गेन, म्हणजे ही वाढ, किती पट ठेवायचा? कुणी हेच करायला घेतलं तर निदान माझ्या चुका पुन्हा होऊ नयेत, म्हणून या नोंदी.

१६ नोव्हेंबर २०२४, पुणे

सामान जमलं. ९०५ नॅनोमीटरचा पल्स लेझर डायोड, शिखर शक्ती ७५ वॉट, पल्स सुमारे ३० नॅनोसेकंद. एपीडी सिलिकॉनचा, अर्धा मिलिमीटर व्यासाचा. आयात शुल्क धरून एका डायोडला ९,४०० रुपये पडले. एकच घेतला. दोन घ्यायला हवे होते. भिंग ५० मिलिमीटर व्यासाचं, १०० मिलिमीटर नाभीय अंतराचं. अँप्लिफायर ओपीए६५७, फीडबॅकला १० किलोओहम, बँडविड्थ सुमारे ५० मेगाहर्ट्झ. बाकी रेझिस्टर, कपॅसिटर, डबा वगैरे तपकीर गल्लीतून.

लेझर चालू असताना ९०५ नॅनोमीटरचा चष्मा डोळ्यांवर हवाच. हा प्रकाश दिसत नाही, म्हणून डोळा मिटतही नाही. गच्ची आणि कडा यांच्या मध्ये रस्ता किंवा पायवाट नाही याची खात्री केली आणि किरण कड्यावरच संपतो, धारेच्या वर आकाशात जात नाही, हेही पाहिलं.

२३ नोव्हेंबर, पुणे

आज गेन मोजायला बसले आणि चुकले. पद्धत सोपी वाटली: इन्फ्रारेड एलईडीचा स्थिर प्रकाश एपीडीवर टाकायचा, ५ व्होल्टवर करंट घ्यायचा, त्याला गेन १ मानायचं आणि पुढे व्होल्टेज वाढवत जायचं. तासाभरात छान वक्र निघाला.

रात्री शंका आली. ९०५ नॅनोमीटरचा प्रकाश सिलिकॉनमध्ये खोलवर, तीसएक मायक्रॉनपर्यंत शिरतो. ५ व्होल्टला डायोडचा तेवढा थर रिकामाच झालेला नसतो, त्यामुळे खोल तयार झालेला बराचसा विद्युतभार हाती लागत नाही. म्हणजे माझं ‘१’ मुळात एकाहून कमी होतं आणि त्यावर उभे राहिलेले सगळे गेन फुगलेले.

२४ नोव्हेंबर, पुणे

दुसरी पद्धत. ०.३ मिलिमीटरच्या छिद्रातून येणारा तोच प्रकाश आधी बीपीडब्ल्यू३४ या साध्या फोटोडायोडवर टाकला. त्याची संवेदनशीलता ९०० नॅनोमीटरच्या आसपास वॉटला ०.६ अँपिअर धरता येते. त्यावरून प्रकाश किती आहे ते काढलं आणि मग एपीडी त्याच जागी ठेवला. काल ज्याला १०० म्हणत होते तो गेन प्रत्यक्षात ६२ निघाला.

२६ अंशांना माझ्या डायोडचा ब्रेकडाउन, म्हणजे ज्या व्होल्टेजला गेन आवाक्याबाहेर जातो ते, २१२ व्होल्टला आहे. त्याच्या ४० व्होल्ट खाली गेन ५२, २७ व्होल्ट खाली ८०, २२ व्होल्ट खाली १००, १२ व्होल्ट खाली जवळजवळ २००. मी वहीत व्होल्टेज लिहीतच नाही, ‘ब्रेकडाउनच्या किती खाली’ एवढंच लिहिते. ही सवय पुढे फार कामाला आली, पण त्याआधी एक डायोड गेला.

३० नोव्हेंबर, गाव

पहिला परतलेला पल्स दिसला! दुपारी अडीच वाजता, ऊन थेट कड्यावर. डेटाशीटमधले सगळे आकडे गेन १०० ला दिलेले असतात, म्हणून मीही १०० च धरला. डबा उन्हात तापून ४१ अंशांवर गेला होता. त्या तापमानाला ब्रेकडाउन २३५ च्या आसपास, म्हणून बायस, म्हणजे डायोडला द्यायचं व्होल्टेज, २१३ व्होल्ट लावला. ऑसिलोस्कोपवर नॉइज, म्हणजे रेषेची नको असलेली थरथर, इतका जाड की पल्स त्यातून जेमतेम डोकं वर काढत होता. अँप्लिफायरचाच दोष असणार असं वाटून संध्याकाळपर्यंत ग्राउंडिंग उकरत बसले. तो सगळा वेळ वाया. झाकण लावून अंधार केल्यावर नॉइज ०.५५ मिलिव्होल्ट आणि झाकण काढल्यावर २.८. म्हणजे अँप्लिफायर निर्दोष होता. जे काही येत होतं ते कड्यावरच्या उन्हातून.

रात्रभर नोंदी घ्याव्यात म्हणून सगळं चालू ठेवून झोपले.

१ डिसेंबर, गाव

पहाटे उठून पाहिलं तर एपीडी मेलेला. पहाटे डब्याचं तापमान १५ अंश. ब्रेकडाउन दर अंशाला सुमारे १.५५ व्होल्टने बदलतो, हा आकडा डेटाशीटमध्ये ठळक दिलेला आहे आणि मी तो वाचलाही होता. १५ अंशांना ब्रेकडाउन १९५ वर उतरला आणि माझा बायस २१३ वरच. वर बायसच्या वाटेत फक्त १ किलोओहमचा रेझिस्टर. अठरा व्होल्ट जास्त म्हणजे अठरा मिलिअँपिअर, साडेतीन वॉट, आणि तेही एवढ्याशा चकतीत. ९,४०० रुपये गेले.

ऊन चढल्यावर डायोड जपायला हवा असं मनात होतं. धोका उलट्या बाजूने असतो: गार पडल्यावर गेन वाढतो.

१८ डिसेंबर, पुणे

नवा डायोड यायला सतरा दिवस लागले. या वेळी दोन मागवले. बदल: बायसमध्ये १०० किलोओहम, डायोडच्या पायाशी १ नॅनोफॅरड. आता चुकून १८ व्होल्ट जास्त लागले तरी करंट ०.१८ मिलिअँपिअरवर अडतो आणि डायोड वाचतो. त्याच रेझिस्टरने हाय व्होल्टेज कन्व्हर्टरचा रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला चढउतार, तोही गाळला. गेन १०० ला एका व्होल्टने गेन ५ टक्के हलतो, तिथे २०० मिलिव्होल्टचा रिपल परवडत नाही.

नव्या डायोडचा ब्रेकडाउन २०६ ला. जुन्याचे आकडे पुसून सगळं पहिल्यापासून मोजलं. एकाच जातीच्या दोन डायोडांत इतका फरक नेहमीचाच आहे, पण ब्रेकडाउनच्या खाली किती व्होल्ट यावर वक्र मांडला की दोन्ही जवळजवळ एकावर एक बसतात.

२१ डिसेंबर, गाव

आजचा दिवस सार्थकी लागला. दुपारी एक ते तीन, कडा उन्हात, गेन २० पासून १५० पर्यंत. प्रत्येक गेनला हजार पल्स घेतले आणि एका पल्सवरून काढलेलं अंतर किती विखुरतं ते पाहिलं. गेन २० ला विखुरणं २० सेंटीमीटर, ३० ला १७, ५० ला १६, १०० ला पुन्हा १७, १५० ला १९.

म्हणजे दुपारी १०० पेक्षा ५० बरा, पण फरक किती थोडा! शिखर शोधायला निघाले आणि सापडलं पठार. आमच्या सह्याद्रीसारखंच: एका बाजूने चढ, वर लांबलचक सपाटी आणि दुसऱ्या टोकाला सरळ कडा. ब्रेकडाउन म्हणजे तो कडा. त्याच्या काठावर जाऊन उभं राहण्यात काहीच मिळत नाही.

असं का होतं ते थोडक्यात. अँप्लिफायरचा नॉइज ठरलेला असतो. गेन वाढवला की पल्स त्याच्या वर येतो, म्हणून सुरुवातीला फायदा. पण एपीडी उन्हाचा प्रकाशही तितकाच वाढवतो, आणि हे वाढवणं प्रत्येक इलेक्ट्रॉनला सारखं होत नाही. एखादा ऐंशीपट होतो, एखादा दोनशेपट. या असमानतेचा हिशोब मॅकइंटायर यांनी १९६६ मध्ये मांडला. त्यातला के हा असमानता किती ते ठरवणारा आकडा चांगल्या सिलिकॉनला ०.०२ च्या आसपास असतो, आणि तो धरला तर गेन १०० ला उन्हाच्या नॉइजची शक्ती आदर्श गुणकापेक्षा चौपट होते. उन्हाचा नॉइज अँप्लिफायरच्या नॉइजला मागे टाकू लागला की पुढचा गेन फुकट जातो.

काळ्या अॅक्रिलिकचा १५० रुपयांचा फिल्टर लावलेला असताना कड्यावरच्या उन्हाचा मूळ करंट, म्हणजे गेनने भागून, १०० नॅनोअँपिअर मोजला. अँप्लिफायरचा नॉइज, रूट हर्ट्झला ७ पिकोअँपिअर. यावरून कागदावर योग्य गेन ५२ येतो. मोजून ५० च्या आसपास आला. आनंद झाला, नाकारत नाही.

२२ डिसेंबर, गाव

रात्री हाच प्रयोग. ऊन नाही, म्हणजे गेन हवा तितका वाढवावा, असा माझा अंदाज. पल्स येण्याआधीच्या रेषेवरचा नॉइज मोजला: गेन १०० ला पल्स नॉइजच्या ३४ पट, १५० ला ५१ पट, २०० ला ६८ पट. वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘रात्री २००’.

मग अंतराचं विखुरणं काढलं. गेन ३० ला १२ सेंटीमीटर, ५० ला साडेआठ, १०० ला साडेसात, १५० ला आठ, २०० ला पुन्हा साडेआठ. दुप्पट झालेल्या गुणोत्तराचा अंतराला काडीचा उपयोग नाही!

तासभर डोकं लावल्यावर उमजलं. मी नॉइज मोजत होते पल्सच्या आधी, जिथे प्रकाशच नाही. अंतर ठरतं पल्सच्या चढावर, आणि तिथे पल्सचा स्वतःचा प्रकाश आहे, मूळ करंट १८ ते १९ नॅनोअँपिअर. तोही एपीडीतून जाताना तसाच खडबडीत होतो. तो हिशोबात घेतला की रात्रीचा योग्य गेन ९५ येतो. ‘रात्री २००’ वर काट मारली. नॉइज मोजायचा तर ज्या क्षणी उत्तर ठरतं त्या क्षणाचा मोजायचा, ही या सगळ्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

५ जानेवारी २०२५, पुणे

ऊन कमी करणं हाच खरा उपाय, म्हणून इंटरफिअरन्स फिल्टर, जो तरंगलांबीच्या एका अरुंद खिडकीतलाच प्रकाश आत सोडतो. आधी १० नॅनोमीटर रुंदीचा घेतला, ६,२०० रुपये. जितका अरुंद तितका चांगला, असा माझा समज. पल्स निम्म्याहून कमी झाला. दोन कारणं निघाली. फिल्टर भिंगाच्या मागे, एपीडीसमोर बसवला होता. तिथे प्रकाश १४ अंशांपर्यंत तिरपा येतो आणि तिरप्या प्रकाशासाठी फिल्टरची खिडकी आखूड तरंगलांबीकडे सरकते, माझ्या बाबतीत काठाला ८ नॅनोमीटरच्या आसपास. शिवाय लेझर डायोडची तरंगलांबीही अंशाला पाव नॅनोमीटरहून थोडी जास्त सरकते. सकाळ ते दुपार २५ अंशांचा फरक म्हणजे लेझरच खिडकीबाहेर.

तो काढून ४० नॅनोमीटरचा लावला. ४,८०० रुपये आणखी. आता उन्हाचा मूळ करंट १०० वरून २२ नॅनोअँपिअरवर आला. पल्स १५ टक्के घटला, तेवढं चालेल.

योग्य गेन प्रकाशाच्या घनमुळाने हलतो, म्हणून पार्श्वप्रकाश आठपट घटला तरच तो दुप्पट होतो. माझ्याकडे उन्हाचा आणि पल्सचा मिळून करंट तिपटीने घटला आणि दुपारचा योग्य गेन ५२ वरून ७५ वर गेला. उलट, उद्या कुणी याहून शांत अँप्लिफायर बसवला तर योग्य गेन खाली येईल. चांगल्या अँप्लिफायरला जास्त गेन लागतो असा माझा समज होता, तो नेमका उलटा होता.

११ जानेवारी, गाव

दुपारचं विखुरणं १६ वरून साडेअकरा सेंटीमीटरवर. दुपारचा योग्य गेन ७५, रात्रीचा ९५, दोघांमध्ये पठार सपाट. म्हणून दिवसरात्र एकच, ८०. दिवस-रात्र गेन बदलणारा प्रोग्राम लिहून ठेवला होता, तो पुसून टाकला.

तापमानाप्रमाणे बायस बदलणारं सर्किटही आज चालू केलं: डब्याच्या आतल्या बाजूला एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर, दर अंशाला १.५५ व्होल्ट. हजार पल्सची सरासरी, म्हणजे कागदावर साडेतीन-चार मिलिमीटरची अचूकता.

१२ जानेवारी, गाव

सकाळी सात वाजता ४२०.१२ मीटर. अकरा वाजता ४२०.२१. नऊ सेंटीमीटर.

काका शेजारी उभे होते. त्यांनी आकडा पाहिला आणि हळूच विचारलं, “हलली का गं?” मला उत्तर देता येईना. हात गार पडले होते. दुर्बिणीतून भेग पाहिली, ती कालच्यासारखीच. मग लेझर बाजूच्या अखंड कातळावर वळवला, जो हलण्याचा प्रश्नच नाही. तोही नऊ सेंटीमीटर ‘मागे’ गेलेला. तेव्हा कुठे श्वास आला. “काका, कडा जागेवर आहे. माझं यंत्र सरकलंय,” असं सांगितलं. ते काही न बोलता खाली गेले, पण चहा मात्र वर पाठवला.

कारण गेनच. ऊन डब्यावर पडलं की आतलं तापमान झरझर बदलतं. सेन्सर डब्याच्या भिंतीला चिकटवलेला, एपीडी आतल्या बोर्डावर, दोघांत तीन अंशांचा फरक. गेन ८० ला एका अंशाने गेन ६ टक्के हलतो, म्हणून तीन अंशांत १८ टक्के. पल्स बुटका झाला की ठरलेली पातळी तो थोडा उशिरा ओलांडतो, अंतर जास्त दिसतं. ही चूक हजार पल्सच्या सरासरीने जात नाही, लाखाच्याही जाणार नाही. गेन ५० ठेवायचा की १००, यावर मी आठवडे घालवले आणि विखुरण्यात फरक पडला एका सेंटीमीटरचा. तो स्थिर न ठेवल्यामुळे नऊ सेंटीमीटरचा पडला.

२६ जानेवारी, गाव

सुट्टीत तीन दुरुस्त्या. एक: सेन्सर भिंतीवरून काढून एपीडीच्या धातूच्या टोपीलाच उष्णतावाहक गोंदाने चिकटवला. टोपीचा डायोडशी विद्युतसंबंध आहे का ते आधी तपासा, मध्ये अभ्रकाची पातळ चकती घाला. दोन: १.५५ हा आकडा आंधळेपणाने न घेता माझ्या डायोडचा मोजला. बर्फाच्या पेटीत ८ अंश आणि उन्हात ४४ अंश, दोन्ही ठिकाणी ब्रेकडाउन घेतला. माझा १.४९ निघाला. फरक किरकोळ वाटतो, पण ३० अंशांत तो दोन व्होल्ट होतो. तीन: डब्यावर पांढरा रंग आणि वर पत्र्याची सावली, मध्ये चार बोटं हवा. २२० रुपयांची ही सावली कुठल्याही सर्किटपेक्षा जास्त उपयोगी ठरली.

९ फेब्रुवारी, गाव

दोन आठवड्यांच्या नोंदी पाहिल्या. सकाळ-दुपारचा फरक आता दीड सेंटीमीटर. उरलेला बहुतेक लेझरची शक्ती उन्हात घटते त्यामुळे असावा असं वाटून पल्सची उंची प्रत्येक वेळी मोजून अंतर दुरुस्त केलं. मग ४ मिलिमीटर उरले. अखंड कातळावरचा बिंदूही रोज मोजते आणि शिळेचं अंतर त्याच्याशी ताडून पाहते. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं, काकांना तो चटका बसला नसता.

खर्च: तीन एपीडी २८,२०० (एक मेला, एक राखीव), दोन फिल्टर ११,०००, लेझर आणि त्याचा ड्रायव्हर ६,७००, भिंग १,९००, बाकी फुटकळ सामान ५,३०० च्या आत. यातले ९,४०० आणि ६,२०० निव्वळ चुकांचे.

१६ फेब्रुवारी, गाव

बायस सध्या ब्रेकडाउनच्या २७ व्होल्ट खाली, गेन ८०. पहाटेचं तापमान १४, दुपारचं ३८, बायस आपोआप खालीवर होतोय. शिळेचं अंतर चौदा दिवसांत मोजमापाच्या मर्यादेत जागच्या जागी. काकू रोज संध्याकाळी विचारतात आणि मी आकडा सांगते.

राहिलेलं काम पावसाचं. काचेवर थेंब बसले की पल्स घटतो, धुक्यात जवळूनच प्रकाश परततो. भिंगापुढे लांब नळी आणि काचेमागे छोटा हीटर लावायचा आहे. हीटर एपीडीपासून शक्य तितका दूर.